काटे मोजणारा पीटर

आधीच सांगून ठेवते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठी म्हणजे शाळेतला एक पेपर आणि सुट्टीत मालवणला आजीकडे जे कानावर पडेल ते. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादकांनी लेखासाठी गळ घातली तेव्हा मी आधी इंग्रजी विभागाकडे पळाले. तिथली पानं भरून गेली होती. मग म्हटलं, गळाला लागलोच आहोत तर माशांवरच लिहावं! शुद्धलेखनाच्या चुका संपादकांच्या, बाकीच्या माझ्या.

विषय सुचला तो आमच्या थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टमधून. माशाचा फोटो दिला की तो कुठला मासा आहे हे प्रोग्रॅमने सांगायचं, असा आमचा भारी बेत होता. माझ्या पार्टनरला पापलेट आणि बांगडा घ्यायचे होते. पण ते तर कोणीही ओळखेल, मेसमधली व्हेज मंडळीसुद्धा. म्हणून मी हट्टाने तारले आणि पेडवे घेतले. दोन्ही वीतभर, दोन्ही चंदेरी, दोघांचीही पाठ निळसर-हिरवी, आणि बाजारात कितीदा तरी एकाच टोपलीत मिसळून येतात. आमचा प्रोग्रॅम रंगावरून शिकायला गेला आणि शेवटी दिसेल त्याला तारला म्हणू लागला. एकदा पार्टनरच्या बुटालाही म्हणाला. सरांनी शांतपणे एवढंच विचारलं की तुमच्या घरी हे कशावरून ओळखतात?

रात्री आजीला फोन लावला. ती म्हणाली, पोटावरून अंगठा फिरव, शेपटीकडून डोक्याकडे. पेडव्याचं पोट करवतीसारखं खरखरतं, तारल्याचं गोल आणि मऊ लागतं. आजीचं शंभर टक्के बरोबर होतं, पण आमच्या प्रोग्रॅमला अंगठा कुठून आणायचा?

लायब्ररीतल्या एका जाडजूड पुस्तकात दुसरी खूण सापडली. माशाच्या पोटाखाली दोन छोटे पर असतात. पराचा पातळ पडदा ताठ धरायला आत काड्या असतात (आमच्या घरी माशातल्या प्रत्येक टोकदार गोष्टीला काटाच म्हणतात, मीही तेच म्हणणार). तारल्याच्या, म्हणजे सार्डिनेला लाँजिसेप्सच्या, या परात नऊ काटे असतात. आपल्या किनाऱ्यावर पेडवे म्हणून जे त्याचे भाऊबंद विकले जातात त्यांच्यात आठ. बस्स, एका काट्याचा फरक. दिवाळीच्या सुट्टीत मालवणला मी टाचणी आणि आजीचा चष्मा घेऊन पडवीत बसले आणि वीस मासे मोजले. आजीने अंगठ्याने आधीच दोन ढीग केले होते. माझं मोजून झालं तेव्हा ढिगातला एकही मासा इकडचा तिकडे करावा लागला नाही. मला अर्धा तास लागला, तिला अर्धं मिनिट.

पण मग डोक्यात किडा शिरला. माशाचा रंग, चव, आकार सगळं समोर दिसत असताना परातले काटे मोजत बसायची बुद्धी पहिल्यांदा झाली कोणाला? शोधत गेले आणि पीटर आर्टेडी भेटला. मत्स्यशास्त्राचा जनक म्हणून त्याचं नाव घेतात. तो तिसाव्या वर्षी गेला, आणि गेला तेव्हा त्याच्या नावावर छापलेलं एकही पुस्तक नव्हतं.

पीटरचा जन्म १७०५ सालचा, उत्तर स्वीडनमधल्या आनुंडशो नावाच्या गावात. वडील चर्चमध्ये पाद्री. आडनाव खरं आर्क्टेडियस, पुढे यानेच ते छाटून आर्टेडी केलं. तो अकरा वर्षांचा असताना घर नॉर्डमालिंगला हललं, आणि नॉर्डमालिंग हे समुद्रकाठचं गाव. समुद्र आला म्हणजे मासे आले, जाळी आली. इतर मुलं खेळायला जायची तेव्हा हा मासे फाडून आत काय आहे ते बघत बसायचा असं त्याच्याबद्दल सांगतात. आमच्याकडे असं मूल असतं तर आईने आधी हात धुवायला पिटाळलं असतं.

पाद्र्याचा मुलगा पाद्री व्हायचा, हे जवळजवळ ठरलेलं. म्हणून १७२४ मध्ये त्याला उप्साला विद्यापीठात धर्मशास्त्र शिकायला पाठवलं. तिथे जाऊन साहेबांनी शाखा बदलली. आपल्याकडे ज्याला ब्रँच चेंज म्हणतात तेच, फक्त मार्कांच्या जोरावर नाही तर मनाच्या. वैद्यक, रसायनं, किमया, झाडं, प्राणी. शिकवायला मात्र कोणी नव्हतं. वैद्यकाचे दोन प्राध्यापक, दोघेही म्हातारे, आणि माशांबद्दल बोलणारं तर कोणीच नाही. पीटर स्वतःच वाचत राहिला. ॲरिस्टॉटलपासून त्याच्या काळापर्यंत माशांवर कोणी काय लिहिलंय ते सगळं.

आता यात एक गोम आहे. दोन हजार वर्षांत मासे तेवढेच राहिले होते, नावं मात्र ढीगभर झाली होती. ग्रीकांनी एक नाव दिलं, रोमनांनी दुसरं, फ्रेंच पंडिताने तिसरं, कोळ्यांचं चौथं. पिल्लाला वेगळं नाव, मोठ्या माशाला वेगळं. उलटही व्हायचं. एकाच नावाखाली तीन वेगळे मासे. आमच्या होस्टेलमध्ये एकाच वेळी चार स्नेहा होत्या आणि त्यातल्या एकीला पाच टोपणनावं होती, त्यामुळे हा गोंधळ मला नीट समजतो. दोन पुस्तकांत दोन नावं दिसली तर ते दोन मासे की एकच? हे सांगायला काहीतरी अशी खूण हवी जी कागदावर लिहिता येईल आणि दुसऱ्या देशातल्या माणसाला स्वतःच्या माशावर तपासून बघता येईल. रंग त्यासाठी कुचकामी. मासा पाण्याबाहेर आला की रंग उतरायला लागतो आणि दारूत बुडवून ठेवला की उरलासुरलाही जातो. चव लिहून कळवता येत नाही. मोजता येतं ते मात्र सगळ्यांना सारखंच मोजता येतं.

म्हणून पीटरने मोजायला घेतलं. पाठीवर किती पर, कुठून सुरू होतात, प्रत्येकात काटे किती, टोचणारे किती आणि मऊ किती. कल्ल्यांखालच्या पडद्यात हाडं किती. दात कुठे आहेत, जबड्यावर की जिभेवर की टाळूवर. मासा फाडून पाठीचे मणकेसुद्धा मोजायचे. आणि हे एका माशावर नाही, एकाच जातीच्या कितीतरी माशांवर. कारण एका माशाला काटा कमी असेल तर तो अपघात, सगळ्यांना कमी असेल तर ती जात.

उदाहरण देते. स्वीडनच्या समुद्रात हेरिंग असतो आणि त्याच्यासारखाच दिसणारा, जरा लहान स्प्रॅट असतो. हेरिंगचं पिल्लू आणि मोठा स्प्रॅट शेजारी ठेवले तर आपण गार. पण स्प्रॅटच्या पोटाची कड करवतीसारखी धारदार असते आणि हेरिंगचं पोट तसं नसतं. (आजी, ऐकतेयस ना?) हेरिंगच्या पोटाखालचे पर पाठीवरच्या पराच्या सुरुवातीपेक्षा मागे येतात, स्प्रॅटचे तसे येत नाहीत. आणि मणके मोजले तर हेरिंगचे स्प्रॅटपेक्षा सात-आठने तरी जास्त भरतात. तारले-पेडवे आणि हेरिंग-स्प्रॅट हे सगळे एकाच गणातले, म्हणून खुणाही बहिणी-बहिणींसारख्या. कॉड, हॅडॉक आणि व्हायटिंगचंही तसंच. तिघांच्या पाठीवर तीन-तीन पर, त्यामुळे तिघं एका घरातले हे लगेच कळतं. पण हॅडॉकच्या अंगावरची बाजूची रेघ काळी असते आणि खांद्यावर काळा डाग असतो, तर कॉडची रेघ फिकट आणि हनुवटीला एक मिशी. काय सारखं ते बघून घर ठरवायचं आणि काय वेगळं ते बघून माणूस ठरवायचा. शास्त्रीय मराठीत या घराला प्रजाती म्हणतात आणि आतल्या एकेकाला जाती. पेपरात मात्र सगळ्यालाच प्रजाती छापतात, त्यामुळे मी बरेच दिवस उलटंच समजत होते.

आता लिनिअस. कार्ल लिनिअस सगळ्यांना माहीत असतो, आमच्या शाळेत बायोलॉजीच्या सिस्टरांनी त्याचा फोटो वर्गात लावला होता. आर्टेडीचं नाव त्यांनी कधी घेतल्याचं आठवत नाही, बहुधा त्यांनाही कोणी सांगितलं नसावं. लिनिअस पीटरपेक्षा दोन वर्षांनी लहान. १७२८ मध्ये तो दुसऱ्या विद्यापीठातून उप्सालाला आला. आल्या आल्या त्याने चौकशी केली की इथे निसर्गविद्येत सगळ्यात हुशार पोरगा कोण. ज्याला विचारावं तो आर्टेडीचं नाव सांगे. पण आर्टेडी गावाला गेलेला, वडील मरणाच्या दारात होते. तो परत आला तेव्हा लिनिअस त्याला भेटायला गेला. चेहरा उतरलेला, डोळ्यांत पाणी, अशा अवस्थेत तो सापडला. पण झाडांचा, दगडांचा, प्राण्यांचा विषय निघाला आणि दोघं लगेच रंगले. ती मैत्री झाली ती झालीच.

दोघं अगदी विरुद्ध होते. आर्टेडी उंच, गंभीर, सावकाश काम करणारा, एकेक गोष्ट दहादा तपासणारा. लिनिअस बुटका, उतावळा, बोलका, पटकन चिडणारा. एकाला काही नवीन सापडलं की तो ते दुसऱ्यापासून लपवून ठेवायचा, म्हणजे नंतर एकदम चकित करता येईल. पण एक दिवससुद्धा पोटात राहायचं नाही! हे वाचताना मला आमच्या मजल्यावरच्या टॉपर जोडीची आठवण झाली. नावं घेत नाही, त्या हे पान वाचणार आहेत.

मग दोघांनी चक्क सृष्टीची वाटणी करून घेतली. मासे, बेडूक, साप-सरडे आर्टेडीचे. पक्षी, किडे आणि बहुतेक सगळी झाडं लिनिअसची. झाडांतलं फक्त गाजर-कोथिंबिरीचं कुळ आर्टेडीने स्वतःकडे ठेवलं. चार पायांचे प्राणी आणि दगड-धातू दोघांत सामाईक. माशांत आर्टेडी आपल्या पुढे आहे हे लिनिअसने मोकळेपणाने कबूल केलं होतं आणि ज्यांना लिनिअसचा स्वभाव माहीत आहे त्यांना ही गोष्ट किती मोठी ते कळेल. १७३२ मध्ये लिनिअस उत्तरेला लॅपलँडच्या मोहिमेवर निघाला. परत येईल की नाही याची खात्री नव्हती. तेव्हा दोघांनी एकमेकांना आपल्या कागदांचा वारस केलं. जो आधी जाईल त्याचं काम मागे राहिलेल्याने पुरं करून छापायचं. पंचविशीतली पोरं ही. मरणाबद्दल त्यांनी किती गंभीरपणे विचार केला असेल कोण जाणे. लॅपलँडहून लिनिअस सुखरूप परत आला.

इथे जरा आडवाट घेते, कारण ही गोष्ट इंजिनिअर मंडळींसाठी आहे. आर्टेडीच्या आधी माशांवरचं सगळ्यात चांगलं पुस्तक फ्रान्सिस विलुबी या इंग्रजाचं होतं. तोही तरुणपणीच, छत्तिसाव्या वर्षी १६७२ मध्ये गेला आणि त्याच्या मित्राने, जॉन रेने, ते पुस्तक पुरं केलं. लंडनच्या रॉयल सोसायटीने १६८६ मध्ये ते भरपूर चित्रांसकट छापलं. छपाईला अफाट खर्च आला आणि पुस्तक काही खपेना. सोसायटीची तिजोरी रिकामी झाली. दुसऱ्याच वर्षी एक गृहस्थ आपलं पुस्तक छापायला घेऊन तयार होते, त्यांच्यासाठी पैसेच उरले नव्हते. त्या गृहस्थांचं नाव न्यूटन आणि पुस्तक म्हणजे प्रिन्सिपिया. शेवटी धूमकेतूवाल्या एडमंड हॅलीने पदरचे पैसे घालून ते छापलं, आणि सोसायटीने हॅलीच्या पगाराऐवजी त्याला न खपलेली माशांची पुस्तकं दिली! फर्स्ट इयरला मेकॅनिक्सने ज्यांना छळलं त्यांनी लक्षात ठेवावं, माशांमुळे आपण थोडक्यात वाचणार होतो.

असो. १७३४ मध्ये आर्टेडी लंडनला गेला. तिथे हान्स स्लोन नावाच्या बड्या डॉक्टरांचा संग्रह होता, ज्यातून पुढे ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं. तिथे त्याने मासे बघितले, टिपणं काढली, पुस्तकाला आकार दिला. पैसे संपत आले. १७३५ च्या उन्हाळ्यात तो हॉलंडला आला, वैद्यकाची पदवी घ्यायच्या विचाराने. लिनिअस तिथे आधीच पोचला होता आणि पदवी घेऊन मोकळाही झाला होता. लायडनमध्ये दोघं भेटले. आर्टेडीचा खिसा रिकामा, अंगावरचे कपडे जुने, फी भरायला पैसे नाहीत, घरी परत जायलाही नाहीत.

लिनिअसने त्याला ॲमस्टरडॅमच्या अल्बर्टस सेबाकडे नेलं. सेबा औषधांचा व्यापारी. बंदरात जहाज लागलं की हा खलाशांकडून जगभरचे विचित्र प्राणी विकत घ्यायचा. त्याचा एक अख्खा संग्रह रशियाच्या पीटर द ग्रेटने विकत घेतला होता, मग याने दुसरा जमवला. त्या संग्रहाचे चित्रांचे मोठमोठे ग्रंथ तो काढत होता, आणि तिसऱ्या खंडात मासे होते. मासे ओळखून त्यांची वर्णनं लिहायला माणूस हवा होता. आर्टेडीला नोकरी मिळाली. दिवसा सेबाचे बाटलीतले मासे, उरलेल्या वेळात स्वतःचं पुस्तक. लिनिअसचंही नशीब उघडलं. जॉर्ज क्लिफर्ड या धनाढ्य बँकरने त्याला आपल्या बागेवर देखरेखीला ठेवून घेतलं.

त्या सप्टेंबरमध्ये दोघांची एक भेट झाली. लिनिअसने आपलं नवं लिखाण आर्टेडीला दाखवलं. मग आर्टेडीने स्वतःचे कागद काढले आणि माशांच्या शास्त्राचे नियम काय असावेत यावरचं पूर्ण प्रकरण त्याला समजावून सांगत बसला. खूप वेळ बसला. असं तो कधी करत नसे. लिनिअसला घाई होती, कामं पडली होती, तो आतून अगदी वैतागून गेला. ही शेवटची भेट आहे हे माहीत असतं तर ती आणखी लांबावी असं वाटलं असतं, अशा अर्थाचं त्याने नंतर लिहून ठेवलंय. लिनिअसच्या लिखाणाबद्दल मी जे काही वाचलं त्यात मला हीच एक जागा आवडली. बाकी सगळीकडे तो स्वतःवर जरा जास्तच खूश असतो.

२७ सप्टेंबर १७३५ च्या रात्री सेबाच्या घरी जेवण होतं. गप्पा रंगल्या. रात्री एकच्या सुमारास आर्टेडी घरी निघाला. ॲमस्टरडॅम म्हणजे कालव्यांचं शहर, रस्त्याच्या कडेलाच पाणी. तेव्हाच्या अंधारात, परक्या शहरात तो एका कालव्यात पडला आणि बुडाला. सकाळी प्रेत सापडलं. आयुष्यभर मासे मोजणारा माणूस पाण्यात बुडून गेला हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. एका अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञाने, थिओडोर पीच त्यांचं नाव, २०१० मध्ये यावर एक कादंबरी लिहिली आणि त्यात या मरणाभोवती संशय उभा केला. कादंबरी म्हणून ठीक आहे. मला तरी अंधार आणि कालवा एवढं कारण पुरेसं वाटतं.

लिनिअसला दोन दिवसांनी कळलं. तो धावत ॲमस्टरडॅमला आला. सेबाने अंत्यविधीपुरते पैसे दिले, त्यापलीकडे हात आखडता घेतला. आणि खरा घोळ वेगळाच होता. आर्टेडी जिथे राहायचा तिथलं खोलीचं आणि जेवणाचं भाडं थकलं होतं. घरमालकाने त्याचं सगळं सामान अडकवून ठेवलं, हस्तलिखितांसकट. पैसे मिळाले नाहीत तर लिलाव करणार म्हणाला. मेसचं बिल थकलं म्हणून हॉल तिकीट अडकलेलं मी बघितलंय, पण इथे एका माणसाची सगळी वर्षं अडकली होती. उंदरांनी खाल्ली असती किंवा रद्दीत गेली असती तर आज आर्टेडी हे नाव कोणाला माहीत नसतं, माझ्या आजीच्या अंगठ्यासारखं ते ज्ञान त्याच्याबरोबर गेलं असतं. लिनिअसकडेही पैसे नव्हते. त्याने क्लिफर्डला गळ घातली (परत गळ!), क्लिफर्डने देणं फेडून कागद सोडवले आणि लिनिअसच्या हातात दिले.

लिनिअसची स्वतःची पुस्तकं तेव्हा रांगेत उभी होती. त्याच वर्षी त्याचं सिस्टिमा नॅचुरी छापलं गेलं, नाव होत होतं. मित्राचे कागद पेटीत पडून राहिले असते तर विचारणारं कोणी नव्हतं. पण तो ते घेऊन बसला, जुळवले, रिकाम्या जागा भरल्या, सुरुवातीला मित्राचं चरित्र लिहिलं, आणि १७३८ मध्ये लायडनला आर्टेडीचं इक्थिऑलॉजिया छापून आलं. लेखकाच्या जागी आर्टेडीचंच नाव. पाच भाग आहेत त्यात. आधी कोणी काय लिहिलं त्याचा आढावा, मग शास्त्राचे नियम, मग प्रजाती, मग जुन्या सगळ्या नावांचा निकाल म्हणजे कुठली नावं एकाच माशाची ते, आणि शेवटी ७२ जातींची अगदी बारीक वर्णनं. रिपोर्ट कसा लिहावा याचा नमुनाच म्हणा ना. लिटरेचर सर्व्हेने सुरुवात, डेटा शेवटी.

माशांचे त्याने पाच मोठे गट केले. पराचे काटे मऊ असलेले, काटे टोचणारे असलेले, कल्ल्यांखाली नेहमीची हाडं नसलेले, मुशी-पाकटासारखे कूर्चेचा सांगाडा असलेले आणि शेपटी आडवी असलेले. या पाचव्या गटात त्याने देवमासे टाकले. चूकच ती. पण गंमत पुढे आहे. लिनिअसने १७५८ मध्ये सिस्टिमाची दहावी आवृत्ती काढली. देवमाशांना त्याने बरोबर सस्तन प्राण्यांत नेऊन बसवलं, पण मुशी आणि पाकट माशांतून काढून बेडूक-सापांच्या गटात घातले! मित्राचं होतं तसं ठेवलं असतं तर निदान तेवढं तरी बरोबर राहिलं असतं. आर्टेडी जिवंत असता तर दोघांची त्यावरून जोरदार जुंपली असती, आणि मला वाटतं माशांच्या बाबतीत लिनिअसने माघार घेतली असती.

याच १७५८ च्या आवृत्तीने आर्टेडीचं एक नुकसानही केलं. लिनिअसने त्यात प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचं नाव दिलं, आणि पुढे सगळ्या जगाने ठरवलं की प्राण्यांची अधिकृत नावं १ जानेवारी १७५८ पासूनच मोजायची, त्याआधीची नाहीत. त्यामुळे आज कुठल्याही यादीत हेरिंग शोधा, क्लुपिया हॅरेंगस, लिनिअस, १७५८ असं दिसेल. क्लुपिया ही प्रजाती आर्टेडीच्या पुस्तकात वीस वर्षं आधीच आहे. कॉडचंही तसंच, गॅडस ही प्रजाती त्याच्याकडे आहे, नावापुढे मात्र लिनिअस. कितीतरी युरोपियन माशांची कथा अशीच. लिनिअसने चोरी केली असं मी म्हणणार नाही, तो आर्टेडीच्या पुस्तकाचा हवाला जागोजागी देतो. नियमच असा पडला की जो तेवीस वर्षं आधी मेला तो यादीच्या बाहेर. लिनिअसच्या पद्धतीतला किती भाग मुळात आर्टेडीचा, यावरही जाणकारांत वाद आहेत. रात्र-रात्र एकत्र बसून बोलणाऱ्या दोघांत कुठली कल्पना कोणाची, हे त्यांनाही नंतर सांगता आलं असतं का कोण जाणे. आमच्या प्रोजेक्ट रिपोर्टवर कोणाचं नाव आधी यावरून माझं आणि पार्टनरचं चार दिवस बोलणं बंद होतं. शेवटी आडनावांच्या क्रमाने घातलं, त्यात मी दुसरी आले.

आर्टेडीचं नाव तरीही दुसऱ्या बाजूने आत आलं. गाजर-कोथिंबिरीच्या कुळातल्या, भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडे उगवणाऱ्या एका झाडाला लिनिअसने आर्टेडिया नाव दिलं, कारण झाडांतलं ते एकच कुळ त्याने मित्राला दिलं होतं. पुढे माशांनाही त्याचं नाव मिळालं. उत्तर अमेरिकेच्या तळ्यांतल्या एका चंदेरी माशाला १८१८ मध्ये कोरेगोनस आर्टेडी म्हटलं गेलं, आणि त्या माशाचे भाऊबंद एकमेकांपासून वेगळे करणं इतकं कठीण आहे की तज्ज्ञ अजूनही त्यावर भांडतात. उत्तर पॅसिफिकच्या किनाऱ्याला खडकांत राहणाऱ्या, बोटाएवढ्या, काटेरी डोक्याच्या माशांची एक प्रजातीही आर्टेडियस नावाने ओळखली जाते. त्यातल्या जाती दिसायला जवळजवळ सारख्या. कुठली कोणती ते ठरवायचं तर भिंग घेऊन पाठीवरच्या खवल्यांच्या ओळी मोजाव्या लागतात.